पूर्ण नाव सांगा

साखरखेर्डा
२० नोव्हेंबर २०२३

प्रति,
सौ. सिंधूताई, गिरणीवाल्या,
नांदुरा.

विषय : खुशाली कळवण्याबाबत.
संदर्भ : दिवाळीचा आपला फोन, ज्यात तुला काहीच ऐकू आलं नाही.

महोदया,

हसू नकोस. आमच्या संघपाल सरांनी सांगितलं आहे की पत्र लिहायचं तर असं लिहा, आणि कुणाला ना कुणाला लिहीत राहा. मी विचार केला, कुणाला लिहू. लेक पुष्पांजली नाशकात, ती म्हणते, आई, फोन कर. उरलीस तू. गिरणीच्या आवाजाने तुझे कान गेले तेव्हापासून फोनवर आपण दोघी नुसत्या ओरडतो, आणि शेवटी तू म्हणतेस, "हाव, जेवली मी." मी विचारलेलं असतं भलतंच.

तर नीट लिहिते. पुष्पाचे बाबा गेल्याला तीन वर्षं झाली. ते असतानाच मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं होतं. दुसरबीडच्या शाळेत आपण चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढचं सगळं मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचलं. ते शेतातून आले की मी त्यांना वाचून दाखवायची. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. बाकीच्या विषयांची मला भीती नाही. एकाची आहे, व्यावसायिक संवाद कौशल्य. म्हणजे कामाच्या ठिकाणी बोलायचं कसं, अर्ज करायचा कसा, समोरच्याचं ऐकायचं कसं आणि नाही म्हणायचं कसं. त्याची तोंडी परीक्षा असते, मुलाखतीसारखी.

इथल्या मुलींच्या वसतिगृहाचं काम जूनपासून मी बघते. आधीच्या अधीक्षिका सोडून गेल्या. संस्था म्हणते, जुलैपर्यंत पदवी दाखवा, जागा तुमची. नाहीतर जाहिरात देऊ. सिंधू, मला ती जागा हवी आहे. घरी दिवेलागणीला दोन माणसांच्या भाकरी थापायची हाताची सवय अजून जात नाही. वसतिगृहात चाळीस मुली जेवायला असतात. तिथे हात आवरावा लागत नाही.

दर रविवारी मेहकरला अभ्यासकेंद्रात जाते. सर म्हणतात, नजरेला नजर द्या. लग्न होऊन आले तेव्हा नजर खाली ठेवायला शिकले होते, आता वर करायला शिकते आहे. शेजारी करिष्मा नावाची कॉलेजच्या वयाची मुलगी बसते. ती मोबाइलवर माझं बोलणं चित्रित करते आणि मला दाखवते. बोलताना मी पदराचं टोक पिळत असते, हे मला या वयात कळलं.

आपली विश्वासू,
अन्नपूर्णा

---

नांदुरा
३ डिसेंबर २०२३

अन्नपूर्णे,

महोदया कोणाले म्हणते वं? तुझं पत्र गोकुळनं फोडलं आणि विषय अन् संदर्भ पाहून त्याचं तोंडच उतरलं. मले हातवारे करून सांगे, "आई, गिरणीच्या मीटरची नोटीस आली." मग खाली तुझं नाव पाहिलं आणि माझी सून अनुपमा पोट धरून हसली.

मी लिहीन तसं लिहीन, मले सर नाहीत. पण तू शिकते आहे हे वाचून बरं वाटलं. कडूबाभाऊ गेले तेव्हा मी तुझ्याकडे आली होती, तू भिंतीकडे तोंड करून बसली होती. तीच बाई आता नजरेला नजर द्यायले शिकते. मी रांगेतल्या प्रत्येकाले सांगते, माझी मैत्रीण विद्यापीठात आहे. ते काय म्हणतात ते मले ऐकू येत नाही, म्हणून मी धरून चालते की चांगलंच म्हणतात.

जागा मिळाली की मी येईन आणि तुझ्या खुर्चीवर बसून पाहीन. नापास झाली तर येणार नाही.

सिंधू

---

साखरखेर्डा
२२ जानेवारी २०२४

प्रिय सिंधू,

तोंडी परीक्षा शनिवारी झाली. माझा घसा बसला होता. बोलता आलं नाही. मेमध्ये पुन्हा देता येते.

मुलींनी संक्रांतीला तिळगूळ केला, पाक कच्चा राहिला, सगळे लाडू ताटात बसले. थंडी चांगली आहे. हरभरा बरा आहे. पुष्पा खुशाल.

अन्नपूर्णा

---

नांदुरा
४ फेब्रुवारी २०२४

अन्नपूर्णे,

ज्येष्ठमधाच्या काड्या गोकुळबरोबर एस.टी.च्या कंडक्टरकडे दिल्या आहेत, चघळ. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर.

आता खरं सांग. घसा बसलेली बाई हरभऱ्याचं लिहीत नाही, घशाचंच लिहिते. मले वाटते त्यांनी तुले इंग्रजीत विचारलं. अनुपमा म्हणते, इंग्रजीत विचारलं तर आधी हसायचं आणि मग मराठीत उत्तर द्यायचं, मोठमोठ्या कंपन्यांतही चालते. ती दोन-चार वाक्यं लिहून द्यायले तयार आहे. काऊन लपवते माझ्यापाशी? मी कोणाले सांगायले गेली तरी गिरणीत ऐकते कोण.

सिंधू

---

साखरखेर्डा
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय सिंधू,

काड्या मिळाल्या. घसा ठीक आहे, आधीही ठीकच होता.

इंग्रजीत कुणी काही विचारलं नाही. दोन परीक्षक होते, एक मॅडम आणि एक सर. मी आत गेले, नमस्कार केला, खुर्चीत नीट बसले, पदर पिळला नाही. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी हसून पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण नाव सांगा."

मी म्हटलं, "अन्नपूर्णा." आणि पुढे तोंडच उघडेना.

मॅडम म्हणाल्या, "हं, पुढे?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पाणी दिलं. त्यांना वाटलं मी घाबरले. सर म्हणाले, राहू द्या, दुसरा प्रश्न घेऊ. पण मला दुसरा प्रश्न ऐकूच आला नाही. मी उठून बाहेर आले. बाहेर करिष्मा म्हणाली, "काकू, इतक्या लवकर? एवढं सोपं होतं?"

संघपाल सरांनी नंतर मला बाजूला घेतलं. "बाई, वर्गात तर तुम्ही छान बोलता." मी म्हटलं, वर्गात तुम्ही मला अन्नपूर्णाबाईच म्हणता. त्यांना काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही.

पुष्पाच्या बाबांचं नाव मी कधी घेतलेलं नाही. कागदावर लिहिते, सगळीकडे लिहिते. तोंडाने नाही.

अन्नपूर्णा

---

नांदुरा
२२ फेब्रुवारी २०२४

अन्नपूर्णे,

एवढंच? मी समजली तुले कोणी अपमान करून हाकललं. मी त्या मॅडमवर दोन दिवस चिडून होती, विनाकारण.

अवो, आता कोण पाळते हे. माझी सून माझ्या पोराले ओसरीतून हाक मारते, "ए गोकुळ, चहा घे." मीसुद्धा आमच्या मालकाइले शेखरराव म्हणते, दिवसातून कितीदा. सरळ घेता येत नसंल तर उखाण्यात घे. उखाण्यात नाव घेतलेलं चालते, अगदी जुन्या बायकाइले चालते. हा घे, रात्री बसून जुळवला:

"विद्यापीठाच्या खुर्चीवर बसली मी ताठ,
कडूबारावांचं नाव घेते, धडा झाला पाठ."

मॅडम हसतील आणि चार गुण जास्त देतील. लग्नात घेतलं तेव्हा लाज वाटली नाही अन् आता काऊन वाटते?

सिंधू

---

साखरखेर्डा
२४ मार्च २०२४

सिंधू,

उशिरा लिहिते आहे. आधी लिहिलं असतं तर वाकडं लिहिलं असतं.

उखाणा सवाष्णीला विचारतात. चार संक्रांती झाल्या, मला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही आणि नाव घे म्हणत नाही. तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तुला बोलावतात. राग नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नव्हतं.

लग्नात मी उखाणा घेतला नव्हता. तू तेव्हा तुझ्या मामाकडे होतीस, म्हणून तुला माहीत नाही. बायका मागे लागल्या होत्या, मी तोंड उघडलं आणि सासूबाईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली. म्हणाल्या, "माही सून नाव घेणार नाही." त्यांची आधीची मुलं राहिली नव्हती. कुणी पाळण्यात गेलं, कुणी रांगताना. म्हणून ह्यांना वाटेवरच्या बाईच्या ओटीत टाकून मूठभर कोंड्यावर परत घेतलं आणि नाव ठेवलं कडू, म्हणजे काळाने तोंडात घातलं तरी थुंकून टाकावं. त्या रात्री सासूबाई मला म्हणाल्या, "घरात नाव घेत जाऊ नको. ऐकलं की त्याले आठवण येते." त्याले म्हणजे काळाला.

मी वाचणारी बाई आहे, मला हे खरं वाटत नाही. तेव्हाही फारसं वाटलं नव्हतं. पण त्या माउलीने एवढंच मागितलं होतं. सासूबाई गेल्या, त्यानंतरही मी घेतलं नाही. ते शेताच्या पलीकडच्या बांधावर असले तरी मी बांगड्या वाजवायची, ते वळून बघायचे. माझी ती राखण होती. प्रत्येक बाई घराची काही ना काही राखण करते, माझी ही.

मॅडमनी पूर्ण नाव विचारलं तेव्हा मला वाटलं, आता हे बोलले की राखण संपली. आणि संपली तीही कुठे, तर अनोळखी माणसांच्या समोर, गुणपत्रिकेसाठी.

मे महिन्यात परीक्षेला बसू की नको, ठरत नाही. संस्थेला मी अजून काही कळवलेलं नाही.

अन्नपूर्णा

---

नांदुरा
३१ मार्च २०२४

अन्नपूर्णे,

तो उखाणा फाडून चुलीत टाक. मी कानानं बहिरी आहे, डोक्यानंही आहे हे आता समजलं.

पण एक सांगते, रागवू नको. तुझी सासू शहाणी बाई होती. तिनं काळापासून लपवलं, तूही लपवलं, आणि दोघींनी मिळून कडूबाभाऊले साठीच्या वर नेलं. कोणतंच लेकरू न राहिलेल्या घरात हे काही कमी नाही. आता त्याले जे न्यायचं होतं ते तो घेऊन गेला. आता तू कोणाले भिते? आता मोठ्यानं घे. ऐकू जाऊ दे त्याले.

अनोळखी माणसासमोर पहिल्यांदा घ्यायचं नसंल तर नको घेऊ. माझ्यासमोर घे. मले ऐकू येणार नाही, पण मी ओठ वाचते, गिऱ्हाइकाचे गहू अन् ज्वारी ओठावरूनच ओळखते. गिरणी चालू असली की बाकी कोणालेही ऐकू येत नाही. त्याच्यापेक्षा चांगली जागा तुले अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नाही.

हनुमान जयंतीच्या आधी ये. नाही आली तर मी येईन, आणि मले एस.टी. लागते हे तुले माहीत आहे.

सिंधू

---

साखरखेर्डा
१९ एप्रिल २०२४

प्रिय सिंधू,

सुखरूप पोचले. पिठाने माखलेलं लुगडं बघून एस.टी.तल्या बाईने विचारलं, "लग्नाचं दळण होतं काय?" मी हो म्हटलं.

तुला जे ऐकू आलं नाही ते लिहिते, कारण तू मला विचारत राहिलीस आणि मला रडू येत होतं.

गिरणी चालू होती. मी पहिल्यांदा नुसते ओठ हलवले. तू म्हणालीस, "दिसलं नाही, पुन्हा." मग मी हळू म्हटलं. तू पुन्हा मान हलवलीस. तुला पहिल्याच वेळी कळलं होतं, सिंधू, मी तुझा चेहरा पाहिला होता. तरी तू म्हणत राहिलीस, पुन्हा, पुन्हा. मी जोराने म्हटलं. मग आणखी जोराने. आणि गोकुळने नेमकी तेव्हाच ज्वारी संपली म्हणून गिरणी बंद केली.

त्या शांततेत माझा आवाज सगळ्या रांगेत गेला, "कडूबा." डबे घेतलेल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं जमीन दुभंगेल. तेवढ्यात रांगेतले धोतरवाले म्हातारे पुढे आले. त्यांनी विचारलं ते असं, "साखरखेर्ड्याचे कडूबा काय? शेगावच्या बाजारात त्याइच्यापासून गोऱ्हा घेतला व्हता मी. सौदा झाल्यावर गोऱ्ह्याच्या मानेले हात लावून उभेच राह्यले. मी म्हटलं, काऊन, देऊ वाटत नाही? तं म्हणे, देतो, पण याले उन्हात उभं करू नको." मग ते मला म्हणाले, "तुम्ही त्याइच्या घरच्या?"

मी म्हटलं, हो.

ते एवढंच बोलले आणि आपला डबा घेऊन गेले. तू तेव्हा माझ्याकडे बघत होतीस, त्यांच्याकडे नाही, म्हणून तुला कळलं नाही. नाव घेतलं आणि आठवण आली ती काळाला नाही, एका माणसाला. मी आयुष्यभर भलत्यालाच भीत होते.

परीक्षेला बसते आहे. सरांना कळवलं.

अन्नपूर्णा

---

नांदुरा
२८ एप्रिल २०२४

अन्नपूर्णे,

ते म्हातारे गुरांच्या बाजारातले आहेत, दर आठवड्याले ज्वारी दळायले येतात. मी त्यांचं दळण आज फुकट करून दिलं. त्यांना समजलं नाही काऊन, मी सांगितलं नाही.

पुन्हा पुन्हा म्हणायले लावलं ते मुद्दाम. मले बरं वाटत होतं तुले बोलताना पाहून.

आता तयारी कर. रोज सकाळी आंघोळ झाली की एकदा म्हणत जा, पूर्ण नाव, आडनावासकट. आणि निकाल लागल्याशिवाय मले पत्र लिहू नको. हरभऱ्याचं तर लिहूच नको.

सिंधू

---

साखरखेर्डा
२१ जुलै २०२४

प्रिय सिंधू,

मी उत्तीर्ण झाले. पहिल्या वर्गात. परवा संस्थेच्या लोकांनी बोलावलं, गुणपत्रिका पाहिली आणि आदेश हातात दिला. अधीक्षिका, मुलींचं वसतिगृह. मी उभ्यानेच वाचला. अध्यक्ष म्हणाले, बसा बाई. मी म्हटलं, पूर्ण वाचू द्या.

आता परीक्षेचं सांगते. मे महिन्यात तुला फक्त "बोलले" एवढंच कार्ड टाकलं होतं, कारण तू लिहू नको म्हणाली होतीस.

त्याच मॅडम होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि पाण्याचा पेला आधीच माझ्याकडे सरकवून ठेवला. मग म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा." मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "अन्नपूर्णा कडूबा आटोळे." गिरणीचा अंदाज राहिला होता, फार मोठ्याने निघालं. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या मुलांनी आत डोकावून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "हळू बोललात तरी चालेल." मी म्हटलं, हळू बोलून झालंय मॅडम, बरीच वर्षं.

स्वतःबद्दल सांगा म्हणाले, ते सांगितलं. मग सरांनी एक प्रसंग दिला. ते रागावलेले वडील, मी अधीक्षिका. त्यांना बारावीतल्या मुलीला पाहुणे बघायला येणार म्हणून वसतिगृहातून घरी न्यायचं होतं. सरांनी खरंच टेबलावर हात आपटला. मी त्यांना आधी बसायला सांगितलं, किती लांबून आलात विचारलं, पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्यांना सगळं बोलू दिलं. संघपाल सर म्हणतात, माणूस पूर्ण रिकामा झाल्याशिवाय त्याच्यात काही ओतू नका. ते थांबल्यावर मी म्हटलं, "पाहुण्यांना मी फोन करते. तुमच्या देखत करते. मुलीची परीक्षा आहे, परीक्षा संपल्यावर या म्हणून सांगते. त्याआधी मी मुलगी पाठवणार नाही." सर म्हणाले, "पाहुणे नाही म्हणाले तर?" मी म्हटलं, परीक्षेला थांबत नाहीत ते पाहुणे पुढे कशाला थांबणार. सर म्हणाले, "बरं बाई, परीक्षेनंतर नेतो." मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर, तुम्ही माघार घ्यायची नव्हती, अजून प्रश्न होते."

बाहेर करिष्मा माझी वाट बघत होती. तिने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला, सरांनी शिकवला तसा. संघपाल सरांनी चहा पाजला. एस.टी.त खिडकीपाशी बसून मी थोडी रडले. हे तुला सांगायला हरकत नाही. ज्यांना ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली असती ते घरी नव्हते. एवढं सोडलं तर त्या दिवशी मला काही कमी नव्हतं.

आता आजचं. रविवारी संध्याकाळी मी जेवणाच्या खोलीत मुलींना बोलायची सवय करून देते. एकेकीने उठायचं, समोर बघायचं, पूर्ण नाव, गाव, पुढे काय करायचं ते सांगायचं. आज सगळ्या झाल्यावर एक धीट मुलगी म्हणाली, "बाई, आता तुमचं." मी उभी राहिले आणि सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. आमच्या स्वयंपाकीण गोजरबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचे मालक किसनराव आमच्याच फाटकावर पहारेकरी आहेत, दोघं एकाच आवारात दिवस काढतात. मुली म्हणाल्या, "मावशी, तुमचं पूर्ण नाव?"

"माहं काय, गोजर."

"पूर्ण, मावशी."

"अवो, पोळ्या राह्यल्या. जा तिकडं."

मुलींनी लावून धरलं. मी म्हटलं, राहू द्या गं, ज्याचं त्याला. मुली आपापल्या जागी येऊन बसल्या. मीही विषय बदलला. आणि मग स्वयंपाकघरातून, आमच्याकडे पाठ करून, तव्याकडे बघत गोजरबाईंनी असा आवाज काढला की ताटं झणाणली, "गोजरबाई किसनराव खिल्लारे."

फाटकाकडून लगेच उत्तर आलं, "आलो, आलो." आणि किसनराव काठी घेऊन धावतच दारात आले. चाळीस मुलींकडे बघून म्हणाले, "काय झालं? कोणं बलावलं मले?"

मुलींनी तोंडावर हात धरले होते.

गोजरबाई मागे न वळता म्हणाल्या, "आलेच आहात तं जेवून घ्या."

अन्नपूर्णा